रुग्णाचं म्हणणं मोजायचं कसं? क्लिनिकल संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

रक्तातली साखर प्रयोगशाळा सांगते, गाठ किती मिलिमीटरने आटली ते स्कॅन सांगतो. पण रात्री झोप लागते का, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं का, केमोथेरपीनंतरचा थकवा अंथरुणातून उठू देतो का, हे रुग्णाशिवाय दुसरं कोणीही सांगू शकत नाही. संशोधनात या माहितीला 'पेशंट रिपोर्टेड आउटकम' म्हणतात, बोलताना नुसतं पीआरओ. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, डिसेंबर २००९ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या व्याख्येचा आशय असा: स्वतःच्या आरोग्याच्या स्थितीबद्दल जे थेट रुग्णाकडून येतं आणि ज्यात डॉक्टरने किंवा आणखी कोणी बदल केलेला नाही, स्वतःचा अर्थ घातलेला नाही, ते पीआरओ.

व्याख्येचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो, दुसरा राहत नाही. आणि खरं काम दुसऱ्याच भागात आहे. उत्तर रुग्णाच्या मनातून निघून तुमच्या तक्त्यात पोचेपर्यंत वाटेत भाषांतरकार असतो, नातेवाईक असतो, घाईतला समन्वयक असतो, रुग्णाची स्वतःची आठवण असते आणि शेवटी संख्याशास्त्रज्ञ असतो. प्रत्येक जण नकळत त्या उत्तराला थोडा हात लावतो. पुढच्या पायऱ्या हे हात कमी करण्यासाठी आहेत.

पायरी १: आधी प्रश्न ठरवा, प्रश्नावली नंतर

नवखा संशोधक पहिल्याच बैठकीत विचारतो, "कोणती प्रश्नावली वापरू?" त्याला उलट विचारावं: तुला नेमकं काय कळून घ्यायचंय? "रुग्णांचं जीवनमान सुधारतं का" हे उत्तर पुरेसं नाही. "गेल्या २४ तासांतली सर्वात तीव्र सांधेदुखी, रुग्णाने ० ते १० या पट्टीवर सांगितलेली, १२व्या आठवड्यात नव्या औषधाच्या गटात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) कमी आहे का" हे वाक्य लांबलचक असलं तरी त्यातून काम पुढे सरकतं. काय मोजायचं, कोणत्या मुदतीतलं, कधी आणि कशाशी तुलना करून, हे चारही त्यात आलं.

रुग्ण जे सांगतो त्याचे थर असतात. सर्वात आत लक्षणं: दुखणं, खाज, मळमळ. त्याबाहेर रोजची कामं: चालणं, अंघोळ, नोकरीवर जाणं. सर्वात बाहेर एकूण जीवनमान. जितके बाहेर जाल तितका औषधाचा वाटा पातळ होतो, कारण एकूण जीवनमानावर पैशांची चिंता, घरातलं वातावरण, एकटेपणा यांचाही परिणाम होतो. म्हणून औषध चांगलं असूनही जीवनमानाच्या आकड्यात काहीच हललेलं दिसत नाही, असं घडतं. त्याचा दोष औषधाला देण्याआधी आपण किती दूरवरून पाहत होतो ते तपासावं.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे मायलोफायब्रोसिस या अस्थिमज्जेच्या आजारावरचं रुक्सोलिटिनिब हे औषध. या आजारात प्लीहा वाढते. रुग्णांना रात्री घाम फुटतो, खाज सुटते, डाव्या बरगडीखाली दुखतं, चार घासांत पोट भरतं. चाचणीत नेमकी हीच लक्षणं रोज इलेक्ट्रॉनिक डायरीत नोंदवली गेली. २४ आठवड्यांनी लक्षणांचे एकूण गुण निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेले रुग्ण औषधाच्या गटात सुमारे ४६ टक्के होते, प्लासिबोच्या गटात सुमारे ५ टक्के. २०११ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली, तेव्हा हा निकाल औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातही गेला. तिथे ढोबळ जीवनमान विचारलं असतं, तर फरक इतका स्वच्छ दिसला असता का, याबद्दल मला शंका आहे.

आणखी एक गल्लत इथेच मिटवा. डॉक्टरांनी नीट समजावलं का, किती वेळ ताटकळावं लागलं, आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, हा सेवेचा अनुभव झाला. तोही रुग्णच सांगतो आणि तोही महत्त्वाचा आहे, पण त्याची मोजमापं वेगळी आहेत. उपचाराने आराम पडलेला रुग्ण सेवेवर नाराज असू शकतो, आणि आजार बळावलेला रुग्ण कर्मचाऱ्यांवर खूश. दोन्हींचे गुण एकत्र केले तर हाती काहीच लागत नाही.

प्रश्न ठरवण्याआधी त्या आजाराच्या काही रुग्णांशी निवांत, मोकळं बोला. "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" एवढं विचारून गप्प बसा. डॉक्टरांच्या यादीत वर असलेलं लक्षण रुग्णांच्या बोलण्यात कधी कधी येतही नाही, आणि भलतंच काहीतरी पुन्हा पुन्हा येतं. नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं झालं की थांबावं.

पायरी २: सांगणार कोण?

सगळी मोजमापं पीआरओ नसतात. १९४० च्या दशकापासून वापरात असलेली कार्नोफ्स्की पट्टी रुग्ण किती कामं करू शकतो हे सांगते, पण तिच्यावर आकडा टाकतो डॉक्टर. सहा मिनिटांत रुग्ण किती चालला ही प्रत्यक्ष करून दाखवलेली चाचणी. दोन्ही उपयोगी आहेत, फक्त त्यांना रुग्णाचं म्हणणं समजू नये.

लहान मूल किंवा स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती स्वतः सांगू शकत नसेल, तर सांभाळणाऱ्याला विचारावं लागतं. तिथे नियम सोपा आहे: डोळ्यांना दिसतं तेवढंच विचारा. "आज किती वेळा उलटी झाली?" चालेल. "किती मळमळत होतं?" चालणार नाही, कारण ते आईला किंवा मुलीला फक्त अंदाजानेच सांगता येतं. आणि दमलेल्या काळजीवाहकाच्या अंदाजात त्याचा स्वतःचा थकवा मिसळतोच.

पायरी ३: प्रश्नावली निवडणं

शक्यतो नवी प्रश्नावली बनवू नका. एक नीट प्रश्नावली उभी करायला वर्षं लागतात, आणि बहुतेक आजारांसाठी काही ना काही आधीच तयार आहे.

काही प्रश्नावल्या कोणत्याही आजाराला चालतात. एसएफ-३६ मध्ये ३६ प्रश्न आणि ८ विभाग आहेत. ईक्यू-५डी त्याहून आटोपशीर: हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामं, वेदना, चिंता-नैराश्य अशा पाच बाबी आणि सोबत ० ते १०० ची उभी पट्टी. खर्चाच्या तुलनेत उपचाराचा लाभ मोजायचा असेल तर बहुतेक वेळा ईक्यू-५डी वापरतात. दुसऱ्या गटात आजारानुसार बनवलेल्या प्रश्नावल्या येतात. कर्करोगासाठी युरोपातल्या ईओआरटीसी संस्थेची ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० सर्वत्र वापरली जाते. उपचाराच्या दुष्परिणामांबद्दल रुग्णालाच विचारायचं तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा प्रो-सीटीसीएई हा संच आहे. त्यात ७८ लक्षणांवरचे १२४ प्रश्न आहेत, पण सगळे विचारायचे नसतात. आपल्या औषधाने जे होण्याची शक्यता आहे तेवढेच निवडायचे असतात. तिसरा प्रकार प्रॉमिसचा, म्हणजे अमेरिकेत २००४ पासून उभ्या राहिलेल्या प्रश्नपेढ्यांचा. तिथे संगणक आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न निवडतो, त्यामुळे थोडक्या प्रश्नांत काम होतं.

निवडताना तीन गोष्टी तपासा. प्रश्नावली जे मोजते म्हणते तेच मोजते का? रुग्णाच्या स्थितीत बदल नसताना दोनदा विचारलं तर जवळपास तेच गुण येतात का? आणि स्थिती खरोखर बदलली तर गुण बदलतात का? या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. पहिल्याच दिवशी निम्म्या रुग्णांना सर्वोत्तम गुण मिळाले, तर सुधारणा दिसायला जागाच उरत नाही. प्रश्नावल्यांची गुणवत्ता पडताळण्यासाठी कॉस्मिन नावाची तपासणी-सूची आहे. ती एकदा संपूर्ण वाचा, पहिल्या वाचनात कंटाळवाणी वाटली तरी.

गुणांची दिशा भिंतीवर लिहून ठेवा. क्यूएलक्यू-सी३० मध्ये कार्यक्षमतेच्या विभागात जास्त गुण म्हणजे चांगलं, लक्षणांच्या विभागात जास्त गुण म्हणजे वाईट, आणि दोन्ही ० ते १०० वरच. प्रॉमिसमध्ये संदर्भगटाची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १० धरलेलं असतं. तिथे थकव्याचे ६० म्हणजे सरासरीपेक्षा जास्त थकवा, पण शारीरिक क्षमतेचे ६० म्हणजे सरासरीपेक्षा चांगली क्षमता. उलटे वाचलेले आलेख सभागृहात दाखवले जातात, आणि कित्येकदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

परवानगीचं काम सुरुवातीलाच उरका. बहुतेक प्रश्नावल्यांवर हक्क राखीव असतात, काहींना शुल्क पडतं, काही नोंदणी करून मोफत मिळतात. परवानगी मिळाल्यावरही प्रश्न गाळणं, शब्द बदलणं, पर्याय पाचाचे चार करणं हे करू नये. बदललेल्या प्रश्नावलीला मूळ प्रश्नावलीचा पुरावा लागू होत नाही.

आणि किती वापरायच्या? माझं मत विचाराल तर एक नेमकी आणि फार तर एक सर्वसाधारण. आजारी माणसासमोर चाळीस मिनिटांचा गठ्ठा ठेवला की शेवटच्या पानांवर सगळीकडे मधलाच पर्याय भरलेला दिसतो.

पायरी ४: भाषांतर

अधिकृत भाषांतर उपलब्ध असेल तर तेच घ्या. नसेल तर ठरलेली पद्धत अशी: दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे भाषांतर करतात, दोन्हींतून एक मसुदा बनतो, मूळ प्रश्नावली न पाहिलेला तिसरा माणूस तो मसुदा उलट मूळ भाषेत नेतो, फरक तपासले जातात, आणि मग काही रुग्णांना प्रश्न वाचायला देऊन त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावतात. शेवटचा टप्पा वगळण्याचा मोह होतो, पण खऱ्या चुका तिथेच सापडतात. एसएफ-३६ च्या मूळ इंग्रजी आवृत्तीत मध्यम श्रमाची उदाहरणं म्हणून बोलिंग आणि गोल्फ येतात. व्याकरणशुद्ध भाषांतर करूनही, ज्याने दोन्ही खेळ कधी पाहिले नाहीत तो रुग्ण काहीतरी अंदाजाने ठोकून देणार. तिथे तेवढ्याच श्रमाचं दुसरं काम घालावं लागतं, तेही प्रश्नावलीच्या मालकाच्या संमतीने.

पायरी ५: कधी विचारायचं

माझ्या मते सगळ्यात जास्त अभ्यास इथेच बिघडतात, म्हणून जरा थांबून पाहू.

प्रत्येक प्रश्नावली एका ठराविक मुदतीबद्दल विचारते. ईक्यू-५डी फक्त आजचं विचारते. क्यूएलक्यू-सी३० गेल्या आठवड्याचं, नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ गेल्या दोन आठवड्यांचं, एसएफ-३६ ची नेहमीची आवृत्ती गेल्या चार आठवड्यांचं. तिन्ही-चारी एकाच भेटीत भरून घेतल्या, तर एकाच रुग्णाच्या वेगवेगळ्या काळाबद्दलची उत्तरं हाती येतात. ते चालतं, पण त्यांचा मेळ घालताना हे विसरून चालत नाही.

मुदत जितकी लांब तितकी आठवण दगा देते. रेडेलमायर आणि काह्नमन या संशोधकांनी १९९६ मध्ये कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणी चालू असताना रुग्ण क्षणोक्षणी वेदना नोंदवत होते, आणि नंतर त्यांना एकूण त्रास विचारला. नंतरचं उत्तर सर्वात वाईट क्षण आणि शेवटचे क्षण यांच्याशी जुळलं, तपासणी किती वेळ चालली याच्याशी फारसं नाही. रोज बदलणाऱ्या लक्षणासाठी म्हणून २४ तासांचा प्रश्न आणि रोजची डायरी बरी. संथ बदलणाऱ्या गोष्टींना आठवडा चालतो.

आता भेटींचं वेळापत्रक. तीन आठवड्यांच्या केमोथेरपीत पुढच्या डोसच्या दिवशी सकाळी विचारलं, तर रुग्ण त्या चक्रातल्या सर्वात बऱ्या अवस्थेत भेटतो. डोसनंतरचा पहिला आठवडा, ज्यात तो आडवा पडलेला असतो, तुमच्या नोंदीत येतच नाही. दोन गटांतल्या औषधांची चक्रं वेगळ्या लांबीची असतील तर गोष्ट आणखी बिघडते: एका गटाला वाईट दिवशी विचारलं जातं, दुसऱ्याला चांगल्या. उपचाराच्या वेळापत्रकाचा कागद समोर ठेवा आणि लक्षणं कोणत्या दिवशी वर जातात ते आधी त्यावर खुणा करून पाहा. मगच तारखा ठरवा.

भेटीच्या दिवशीचा क्रमही ठरवून टाका. प्रश्नावली आधी, डॉक्टर नंतर. "गाठ वाढलीये" हे ऐकून बाहेर आलेल्या माणसाला झोपेबद्दल विचारलं तर उत्तर त्या बातमीचं येतं. पहिली नोंद उपचार सुरू होण्याआधी हवी, आणि शक्य असेल तर आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला कळण्याआधी.

पायरी ६: भरून घेणं

कागद की टॅबलेट संगणक, हा वाद २००२ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने बराचसा मिटवला. जुनाट वेदनांच्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या. डायरी कधी उघडली हे टिपणारं यंत्र त्यात बसवलेलं होतं, आणि रुग्णांना ते ठाऊक नव्हतं. रुग्णांनी लिहिलेल्या तारखा-वेळांप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. प्रत्यक्षात वेळेवर भरलेल्या होत्या ११ टक्के. डायऱ्या उघडल्याच गेल्या नव्हत्या अशा दिवसांच्याही नोंदी मागाहून भरलेल्या निघाल्या. इलेक्ट्रॉनिक डायरी वापरणाऱ्या गटात वेळेवर भरलेल्या नोंदींचं प्रमाण ९४ टक्के निघालं. रोजची डायरी असेल तर वेळ आपोआप नोंदवणारं साधन घ्या. रुग्णालयात समोर बसून भरायची असेल तर कागदही चालतो.

ज्यांना वाचता येत नाही किंवा स्क्रीन दिसत नाही, त्यांना वाचून दाखवावं लागतं. वाचणाऱ्याने प्रश्न शब्दशः वाचावा, आवाजात चढउतार न करता, आणि सगळे पर्याय दर वेळी वाचावेत. रुग्णाने "म्हणजे काय?" विचारलं तर "तुम्हाला जसं वाटतं तसं समजून सांगा" एवढंच उत्तर. उदाहरण दिलं की रुग्ण त्या उदाहरणाचं उत्तर देतो. नातेवाइकांना अदबीने बाहेर बसवा. "अगं, तुला कुठे एवढं दुखतं!" हे वाक्य एकदा खोलीत उच्चारलं गेलं की पुढची सगळी उत्तरं सौम्य होतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही प्रश्नावली भरून घेऊ नये. रुग्ण त्यांना नाराज करायला तयार नसतो.

दिल्याबरोबर पान परत चाळा, चुकून एखादा प्रश्न राहिला असेल तर दाखवा. मुद्दाम सोडला असेल तर सोडू द्या.

पायरी ७: उत्तर कोणी वाचणार आहे का?

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रुग्णाने तिथे "जवळपास रोज" असं भरलं आणि तो कागद सहा महिन्यांनी माहिती संगणकात भरताना कोणी पहिल्यांदा पाहिला, तर याला काय म्हणायचं? अशा उत्तरावर त्याच दिवशी कोणी, काय करायचं, हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहा आणि नैतिकता समितीपुढे ठेवा. उलट, उत्तरं उपचार करणाऱ्यांकडे जाणार नसतील तर संमतिपत्रात तसं स्पष्ट सांगा. नाहीतर रुग्णाला वाटतं, मी लिहिलं म्हणजे डॉक्टरांना कळलं, आणि तो तोंडी सांगायचं टाळतो.

ही उत्तरं वेळेवर वाचली तर काय होऊ शकतं, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांपैकी एका गटाने केमोथेरपीच्या काळात आपली लक्षणं वेबवर नोंदवली आणि लक्षण बळावलं की परिचारिकेला सूचना गेली. त्या गटाचा मध्यक जीवनकाळ ३१.२ महिने होता, नेहमीची देखभाल मिळालेल्या गटाचा २६ महिने.

पायरी ८: राहिलेली उत्तरं

प्रश्नावली न भरणारे रुग्ण बहुधा बरे झालेले नसतात. ते जास्त आजारी असतात, किंवा आता हयात नसतात. त्यामुळे फक्त भरलेल्या कागदांची सरासरी काढली की शेवटाकडे जीवनमान छान सुधारत गेलेलं दिसतं, कारण मागे उरलेत ते धडधाकटच. यावर नंतर करण्यासारखं थोडं आहे, आधी करण्यासारखं बरंच: प्रत्येक न भरलेल्या प्रश्नावलीमागचं कारण त्याच दिवशी नोंदवा. "प्रकृती खालावली", "कर्मचारी विसरले", "रुग्णाने नकार दिला" ही तीन कारणं विश्लेषणात तीन वेगळ्या वाटांनी जातात. एखादा प्रश्न सुटला असेल तर त्या प्रश्नावलीच्या पुस्तिकेतला नियम पाळा. क्यूएलक्यू-सी३० मध्ये एखाद्या विभागातले निदान निम्मे प्रश्न भरलेले असतील तर उरलेल्यांच्या सरासरीवरून गुण काढतात.

मृत्यू मात्र 'राहिलेलं उत्तर' नाही. मेलेल्या रुग्णाचं जीवनमान अंदाजाने भरण्याला अर्थ नाही. अशा घटनांचं काय करायचं हे तुमच्या मूळ प्रश्नाशी जोडून आधीच ठरवावं लागतं. औषध-चाचण्यांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१९ चा ई९ (आर१) हा दस्तऐवज त्याचसाठी वाचायचा.

पायरी ९: आकड्याचा अर्थ

हजारो रुग्ण असतील तर ० ते १०० च्या पट्टीवरचा दोन गुणांचा फरकही संख्याशास्त्रीय कसोटीला उतरू शकतो. रुग्णाला तो जाणवतो का, हा निराळा सवाल. जुनाट वेदनांच्या ० ते १० पट्टीवर सुमारे २ गुणांची किंवा ३० टक्क्यांची घट रुग्णांना अर्थपूर्ण वाटते, असं २००१ च्या एका विश्लेषणात दिसलं आणि तो आकडा तेव्हापासून वापरात आहे. क्यूएलक्यू-सी३० साठी १० गुणांचा ठोकताळा प्रचलित आहे, पण पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की तो विभागागणिक बदलतो आणि सुधारणा की बिघाड यावरही अवलंबून असतो. आपल्या आजारासाठी कोणता आकडा धरायचा ते निकाल पाहण्याआधी लिहून ठेवा. पंधरा विभागांपैकी एकात फरक सापडला म्हणून त्यालाच मुख्य निष्कर्ष करणं ही जुनी खोड आहे. मुख्य विभाग आणि मुख्य वेळ आधी जाहीर केली की ती आपोआप सुटते.

अहवालात दोन सावधगिरीची वाक्यं बहुतेक वेळा लागतात. एक, रुग्णाला आपण कोणतं औषध घेतोय हे माहीत होतं का. माहीत असेल तर आशेचा किंवा निराशेचा रंग उत्तरांना लागलेला असू शकतो. दोन, आजाराबरोबर माणसाची मोजपट्टीच बदलते. वर्षभर वेदनेत काढलेल्या माणसाचा '५' हा पहिल्या महिन्यातल्या '५' इतकाच असेल असं नाही. हे चूक म्हणून दुरुस्त करता येत नाही, लक्षात ठेवावं लागतं.

प्रोटोकॉल लिहिताना २०१८ ची स्पिरिट-प्रो सूची आणि निकाल लिहिताना २०१३ ची कन्सॉर्ट-प्रो सूची शेजारी ठेवा. आणि पीआरओचा लेख मुख्य निकालानंतर दोन वर्षांनी, दुसऱ्या नियतकालिकात, तिसऱ्याच लेखकाने लिहायचा प्रघात शक्यतो मोडा. तोवर उपचाराबद्दलचे निर्णय होऊन गेलेले असतात.